किंडल की कोबो? तुमचं कसं ठरलं?

दुपारची_झोप: कपाट आवरताना बाबांचं जुनं किंडल, म्हणजे अमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, सापडलं. बॅटरी कधीच मेलेली, पण पडद्यावर कुठल्याशा लेखकाचं चित्र अजून तसंच! या ई-इंक पडद्याला वीज लागते ती फक्त पान बदलताना, हे माहीत असूनही दचकले. बाबा अक्षर एवढं मोठं ठेवायचे की ओळीत जेमतेम तीन शब्द. आई म्हणायची, पुस्तक वाचताय की बसची पाटी? ते घेताना घरात महिनाभर वाद झाला होता. मी सोनीच्या यंत्राच्या बाजूने, भाऊ नूक नावाच्या दुसऱ्या यंत्राच्या. बाबांनी गुपचूप किंडल मागवलं. बरंच झालं म्हणा, सोनीने 2014 मध्ये हा धंदाच गुंडाळला. आता मला स्वतःसाठी घ्यायचंय, किंडल नाहीतर कोबो नावाचं तसंच दुसरं यंत्र. सांगा आपापले अनुभव.

खडूस_वाचक: कोबो. पान उलटायला बटणं. विषय संपला.

उशाशी_पुस्तक: सगळ्याच कोबोंना नसतात हो बटणं, त्यातलं लिब्रा मॉडेल बघावं लागेल. मी झोपून वाचते आणि डुलकी लागली की नाकावर आपटतं, म्हणून मी फक्त वजन बघितलं. सहा इंची घेतलं. नाक सुखरूप आहे.

खडूस_वाचक: नाकाचा फोटो टाका, मग विश्वास ठेवू.

पानोपानी: माझ्याकडे दोन्ही आहेत, जरा लांबण लागेल. खरेदी आणि वाचन एकाच ठिकाणी हवं असेल तर किंडलइतकं सोपं काही नाही. मराठी पुस्तकं तिथे 2016 पासून रीतसर मिळतात. पण पुस्तक 'आपलं' असतं का, हा प्रश्न मला छळतो. 2009 मध्ये अमेझॉनने लोकांनी विकत घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या यंत्रांवरून परस्पर पुसली होती, नंतर माफीही मागितली. फेब्रुवारी 2025 मध्ये पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने टाकायची सोयही काढली. कोबोवर ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलचा एक प्रकार) फाइल सरळ टाकली की उघडते. किंडलला ती अमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' सोयीने पाठवली की रूपांतर होऊन येते, 2022 पासून. म्हणजे अडत नाही, फक्त वळसा पडतो. कोबोच्या दुकानातल्या पुस्तकांनाही बहुतेक नक्कल-बंदीचं कुलूप असतंच, उगाच कोणी साधू नाही. बाळ उठलं, उरलेलं नंतर.

चष्मा_कुठेय: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलीने घेऊन दिलं. कोणत्या कंपनीचं ते पाठीमागे लिहिलंय, पण ते अक्षर वाचता येत नाही 😄 आत मात्र मस्त दिसतं.

उशाशी_पुस्तक: काका, डोळा कसा आहे आता? थेंब किती दिवस घालायला सांगितलेत? आईचं पुढच्या आठवड्यात आहे.

चष्मा_कुठेय: महिनाभर. घाबरू नका म्हणावं, लगेच होतं. मला डॉक्टरपेक्षा मुलीच्या सूचनाच जास्त होत्या.

रात्रपाळी: पीडीएफबद्दल कोणीच बोललं नाही! स्कॅन केलेलं जुनं मराठी पुस्तक सहा इंचांवर म्हणजे मुंग्यांची रांग. पान मोठं करा, सरकवा, परत लहान करा. आठवडाभरात सोडून दिलं. स्कॅन वाचणार असाल तर दहा इंची घ्या, नाहीतर टॅबलेट. आणि एका ईपबमध्ये सगळी जोडाक्षरं फुटली होती, मी यंत्राला शिव्या घातल्या. दोष फाइलमधल्या फॉन्टचा निघाला. संगणकावरच्या कॅलिबर या प्रोग्रॅममध्ये फॉन्ट बदलला, सुधारलं. फुकट आहे ते, 2006 पासून चालू आहे, कुठलंही यंत्र घ्या पण ते आधी टाका.

खडूस_वाचक: रंगीत घेतलंय का कोणी? बायको मागे लागलीये.

रात्रपाळी: मित्राचं बघितलंय. काळं-पांढरं 300 पीपीआय (इंचाला इतके ठिपके), रंग आला की 150. मुखपृष्ठं छान दिसतात, पण कागद जरा मळकट वाटतो, दिवा वाढवावा लागतो. कादंबऱ्याच वाचत असाल तर वहिनींना समजवा.

खडूस_वाचक: तुम्हीच समजवा. नंबर देतो.

दुपारची_झोप: पानोपानी ताई, झोपलं का बाळ? तुमचं उरलेलं वाचायचंय. आणि मायक्रो-यूएसबीची पिन सापडली! पाऊण तासाने चालू झालं. अक्षर तेवढंच मोठं आहे. मी तसंच ठेवलंय. पुस्तक साठ टक्क्यांवर थांबलंय, बहुतेक मीच पुरं करीन. तोवर नवीन घेणं लांबणीवर.

रात्रपाळी: वायफाय लावू नका लगेच, अपडेट मागत बसेल.

पानोपानी: कसलं झोपतंय. माझं किंडल चावतंय.