बायबल रोज वाचते, पण आत काही पोचत नाही. सुरुवात कुठून करू? (नागपूर)

मिहान_नाईटशिफ्ट:
सगळ्यांना सलाम. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. लहानपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, संडे स्कूलची बक्षिसं, सगळं झालंय. वचनं तोंडपाठ आहेत आणि आता तीच अडचण झालीये. डोळे ओळीवरून फिरतात, मन ऑफिसच्या कॉलवर. वर्षभरात बायबल पूर्ण करायचं म्हणून जानेवारीत बसले, तर तिसऱ्याच पुस्तकात, लेवीयमध्ये, गाडी अडकली. रात्रपाळी असते, त्यामुळे कृपा करून पहाटे चारची प्रार्थना सुचवू नका. वाचायचं मराठीतच आहे. एखादा छोटा अभ्यासगट, शांत बसायला जागा, काहीही सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, आधीच ढीग साचलाय.

सदरकर_काका:
पोरी, लेवीयात अडकणारी तू काही पहिली नाहीस. ११८९ अध्याय भागिले ३६५, म्हणजे रोजचे सव्वातीन. हिशेब बसतो, वाचन होत नाही. ते सोड आणि मार्क घे, म्हणजे मार्कानं लिहिलेली येशूची गोष्ट. १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत संपवून टाक, गोष्ट वाचतो तसं, कुठंही न थांबता. मग पुन्हा पहिल्यापासून, पण आता दिवसाला एकच प्रसंग.

प्रसंग म्हणजे किती, तर आठव्या अध्यायातला बेथसैदाचा आंधळा बघ. जेमतेम पाच वचनं, आणि हा प्रसंग फक्त मार्कातच आहे. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. डोळ्यांवर थुंकून, हात ठेवून विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा हात ठेवतो आणि त्याला स्वच्छ दिसू लागतं. एवढे चमत्कार एका शब्दात करणारा प्रभू इथं दोनदा हात का ठेवतो? मी कित्येक वर्षं या प्रसंगाला पाठ झालेलं वचन म्हणून ओलांडून जात होतो. तू हाच प्रश्न घेऊन आठवडाभर राहा. उत्तर लगेच शोधू नकोस, टीकाग्रंथ तर अजिबात उघडू नकोस.

अग्नी_पेटवा:
काकांचा मान राखून सांगतो, हे सगळं डोक्याचं काम झालं. ताई, तुम्हाला संजीवन पाहिजे, म्हणजे विश्वास नव्यानं पेटायला पाहिजे. तीन दिवस उपवास धरा, एखाद्या मोठ्या संजीवन सभेला जा, पवित्र आत्मा काम करेल. मी स्वतः तिथूनच बदललो.

केडगावची_नात:
दादा, सभेला माझी ना नाही, पण संजीवनासाठी १९०५ च्या मुक्ती मिशनचं, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमाचं, उदाहरण सगळे अर्धंच सांगतात. केडगावला जूनमध्ये जे संजीवन झालं, त्याच्या आधी जानेवारीपासून रमाबाईंनी मुलींचा गट रोज प्रार्थनेला बसवला होता. लोकांना जून आठवतो, मधले महिने कोणी मोजत नाही. आणि रमाबाई त्या काळात मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात गुंतल्या होत्या. म्हणजे त्यांच्याकडे डोक्याचं काम आणि आत्म्याचं काम यांत भांडण नव्हतं.

आणि रात्रपाळीवाल्या बाईला तीन दिवस उपवास? १ राजे १९ काढा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत येऊन काय करतो? भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचा तो मंद स्वर नंतरचा, आधी दोनदा जेवण. ताई, शिफ्टवरून आल्यावर आधी झोपा. वाचन उठल्यावर, चहाबरोबर.

अग्नी_पेटवा:
एलीयाचं मान्य. तरी सभेला एकदा याच.

सेमिनरी_हिल्स:
मी कॅथलिक आहे, चालेल ना? आमच्याकडची जुनी पद्धत सांगते. नाव लेक्सिओ डिव्हिना, पायऱ्या चार: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी नुसतं देवासमोर गप्प बसणं. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या मठवासीयानं त्या तशा मांडल्या. माझ्यासारखीला पहिल्या तीन जमतात, चौथीला भाजीची यादी आठवते. तरी बसते.

दुसरं, मिस्सेचे रविवारचे पाठ तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. शनिवारी संध्याकाळीच ते वाचून ठेवलं तर रविवारी ऐकताना कान वेगळे असतात. तुमच्या पाळकांनाही विचारा, तुमच्या उपासनेतही ठरलेले पाठ असतील. आणि जागेचं म्हणाल तर आमच्या टेकडीवर झाडाखाली थंडीत कितीही वेळ बसा. मे महिन्यात मात्र आठच्या आत उठायचं, नाही तर डोकं तापतं.

मिहान_नाईटशिफ्ट:
एलीयाचं वाचून हसू आलं आणि जरा रडूही. अभ्यासगटाचं मात्र कोणी बोललं नाही. आमच्याकडं बायबल स्टडी म्हणजे एक जण बोलतो, बाकीचे मान डोलावतात. प्रश्न विचारला की 'विश्वास कमी पडून राहिला तुझा' असं ऐकून घ्यावं लागतं.

केडगावची_नात:
मग गट शोधूच नका, एक मैत्रीण शोधा. दोघींनी तोच उतारा वाचायचा आणि फोनवर फक्त एवढंच सांगायचं, की कुठं अडखळले. उपदेश करायचा नाही. तिसरी आली तर येऊ द्या, पण सहाच्या पुढं जाऊ नका, की लगेच कोणीतरी अध्यक्ष होतं.

प्रश्न विचारण्याबद्दल म्हणाल तर स्तोत्र १३ वाचा. सहाच वचनं, आणि सुरुवातीलाच दावीद 'किती काळ, किती काळ' करत देवाला धारेवर धरतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरी ते उपासनेच्या पुस्तकात राहिलं. विश्वास कमी म्हणून कोणी काढून टाकलं नाही.

सदरकर_काका:
वा! थोडं विषयांतर करतो. नागपुरात नोकरी केलेले ना. वा. टिळक राजनांदगावच्या गाडीत बसले होते, तेव्हा एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. ते मत्तयाच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, म्हणजे अध्याय ५ ते ७, आणि तिथंच गुंतले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. अख्ख्या महाराष्ट्राच्या मंडळ्या ज्यांची भजनं गातात, त्यांना आधी ते तीनच अध्याय पुरले होते.

आता कामाचं. खापरीहून मेट्रोनं येतेस का?

मिहान_नाईटशिफ्ट:
हो काका, खापरी ते इंदोरा चौक. सकाळी डबा रिकामाच असतो.

सदरकर_काका:
मग मार्क मोबाईलवर नको, छोटं छापील पुस्तक पिशवीत ठेव. मोबाईल उघडला की ऑफिसचा ग्रुप उघडतो. झोप येत असेल तर सरळ झोप, केडगावच्या बाईंनी परवानगी दिलीच आहे.

सेमिनरी_हिल्स:
मैत्रीण मिळाली नाही तर मला मेसेज करा. कॅथलिक चालत असेल तर. मार्क आमच्याकडंही १६ च अध्यायांचा आहे.

मिहान_नाईटशिफ्ट:
चालते की! मेसेज केलाय. सोमवारपासून पहिला अध्याय, आणि चुकवला तर तुम्ही ओरडायचं.