मदत हवी आहे : भावाला ‘पोझर’ म्हणतात

मंडळी, आम्ही परळला राहतो. धाकटा भाऊ मनापासून मेटल (कडक, दणदणीत रॉक संगीत) ऐकतो, पण बँकेत इस्त्रीचा शर्ट घालून जातो म्हणून मेटलवाल्या ग्रुपमधली मुलं त्याला ‘पोझर’, म्हणजे नुसता आव आणणारा खोटा चाहता, म्हणतात. फार खचलाय.

मला हे पटतच नाही. पंक हेही मेटलसारखंच बंडखोर रॉक. त्यातला गाजलेला बँड सेक्स पिस्टल्स, ते १९७५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवरच्या कपड्यांच्या दुकानाभोवती जमले. दुकानदार माल्कम मॅकलारेनच त्यांचा मॅनेजर. म्हणजे पंक पहिल्यापासून पोशाखासकटच आलं! भाऊ रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवायच्या खेळात जादूगार होतो, तिथे कुणी खोटा म्हणत नाही. आजोबा दशावतारात संकासुर व्हायचे, त्यांनाही नाही. सोंग सगळ्यांनी मान्य केलेलं असतं ना.

मुंबईच्या रंगभवनला आय-रॉक हा रॉक महोत्सव पाहिलेले कुणी दादा-ताई त्याच्याशी बोलाल का? नोकरी सांभाळून तुम्ही हे कसं जपलंत, एवढंच सांगा.