मदत हवी आहे: संगणक, डॅक आणि अ‍ॅम्प. आवाज नेमका कुठे कमी करावा?

नमस्कार मंडळी,

संगणकातली गाणी (बहुतेक फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता लहान केलेल्या फाइली, १६ बिट) यूएसबी डॅकमधून (डिजिटल फाइलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी पेटी) जुन्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पला आणि तिथून स्पीकरला, अशी माझी जोडणी आहे. डॅकवर आवाजाचा नॉब नाही, पूर्ण पातळीला त्यातून २ व्होल्ट बाहेर पडतात. म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या जागा तीन: प्लेयर, विंडोज आणि अ‍ॅम्प.

जिथे पाहावं तिथे एकच सल्ला मिळतो की संगणकात सगळं १००वर ठेवा आणि आवाज फक्त अ‍ॅम्पवर बदला, नाहीतर बिट गळतात, म्हणजे आवाजातले बारीक तपशील जातात. पण तसं केलं की नॉब जेमतेम हलवताच खोली दणाणते. रात्री हळू ऐकायचं तर तो इतका खाली आणावा लागतो की डावा स्पीकर जवळजवळ गप्प होतो आणि गायक उजव्या कोपऱ्यात जाऊन बसतो. विंडोजमध्ये आवाज उतरवून नॉब निम्म्याच्या आसपास नेला, की गायक पुन्हा मधोमध येतो.

मला ऐकायला हेच आवडतंय, पण मनात धाकधूक आहे. विलंबित ख्यालात स्वर विरत जातो, मागे तानपुरा उरतो, तिथलं बारीक काही हरवत असेल तर ते मला नको. संगणकात आवाज कमी केल्याने प्रत्यक्षात किती नुकसान होतं? करायचाच तर प्लेयरमध्ये करावा की विंडोजमध्ये? शिवाय काही नवी रेकॉर्डिंग १००वर किंचित फाटल्यासारखी वाटतात, त्याचा याच्याशी संबंध असेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

तुमचे कान बरोबर सांगताहेत, त्यांचं ऐका.

नॉबखाली डाव्या-उजव्या बाजूंसाठी विद्युतरोधाच्या दोन पट्ट्या असतात, आणि अगदी सुरुवातीच्या भागात त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. डावं-उजवं बिघडतं ते त्यामुळे. मुळात तुमच्या अ‍ॅम्पला गरजेपेक्षा फार मोठा सिग्नल मिळतोय. बऱ्याच जुन्या अ‍ॅम्पना पूर्ण ताकदीसाठी ०.२ व्होल्टच्या आसपास पुरतात. तुम्ही २ देताय, म्हणजे दसपट, म्हणजेच २० डेसिबल जास्त.

आता बिटांचं. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल. १६ बिटांची फाइल १६ बिटांतच बाहेर पाठवली तर आवाज उतरवताना खालचे बिट खरंच जातात, तो जुना सल्ला तिथून आलाय. पण विंडोजचा मिक्सर (सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणारा भाग) ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे १६ बिटांपेक्षा कितीतरी बारकाईने हिशेब करतो. साउंड सेटिंगमध्ये डॅकचा फॉरमॅट २४ बिट निवडा. मग खाली ८ बिट मोकळे राहतात, म्हणजे ४८ डेसिबल. तुम्हाला उतरवायचे आहेत वीसेक. फाइलमधला तानपुरा पूर्ण शाबूत राहतो.

नुकसान होतं ते वेगळ्या जागी. डॅकचा स्वतःचा सूक्ष्म आवाज तेवढाच राहतो आणि संगीत त्याच्या जवळ येतं. समजा डॅकचं सिग्नल-नॉइज गुणोत्तर, म्हणजे संगीत त्या सूक्ष्म आवाजापेक्षा किती वर आहे ते, ११० डेसिबल आहे. २० उतरवले तरी ९० उरतात. रात्री गाण्याचा सर्वांत मोठा क्षण ७५ डेसिबलचा धरला, तर डॅकचा आवाज ऐकू येण्याच्या कितीतरी खाली राहतो. शांत खोलीचीच पातळी ३० च्या आसपास असते.

प्लेयर १००वर ठेवा आणि विंडोजमध्ये उतरवा. प्लेयर जर १६ बिटच पुढे देत असेल तर तिथे उतरवण्यात तोटा आहे. अपवाद एकच: एक्सक्लुझिव्ह मोड (प्लेयर थेट डॅकशी बोलतो तो) वापरत असाल तर मिक्सर बाजूला पडतो, तेव्हा प्लेयरमध्येच उतरवा आणि त्याचं आउटपुट २४ बिट ठेवा.

फाटण्याबद्दल: हल्लीची रेकॉर्डिंग कमाल पातळीला टेकवलेली असतात. फाइलमध्ये लहरीचे ठरावीक अंतरावरचे आकडे (नमुने) असतात; दोन नमुन्यांच्या मधली लहर त्या पातळीच्याही वर जाऊ शकते आणि मग डॅकमध्ये कापली जाते. तीन-चार डेसिबल उतरवले की तिला जागा मिळते. मास्टरिंगमध्येच (रेकॉर्डिंगच्या शेवटच्या संस्करणात) कापली गेली असेल तर मात्र उपाय नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण एक गोष्ट गंभीरपणे घ्या. नॉब वर आणि विंडोज खाली असताना ड्रायव्हर अपडेट होऊन स्लायडर १००वर गेला, तर ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) आणि कान दोन्हींना धोका आहे. सूचनांचे आवाज बंद करा. गाणं सुरू करण्याआधी नॉब शून्यावर आणा, मग वाढवा.

धागाकर्ता

मनापासून आभार! २४ बिट केलं, विंडोजमध्ये २० डेसिबल उतरवले. गायक मधोमध, आणि फाटणंही गेलं. आता गाणं थांबवून कान ट्वीटरला लावला तर बारीक 'सूं' ऐकू येतो. तो डॅकचा की अ‍ॅम्पचा, हे कसं ओळखावं?

प्रतिसाद १

गाणं बंद ठेवून नॉब फिरवा. 'सूं' तसाच राहिला तर तो अ‍ॅम्पच्या पुढच्या टप्प्याचा. बसायच्या जागेवरून ऐकू येत नसेल तर सोडून द्या. नॉबबरोबर वाढला तर डॅक काढून इनपुट मोकळं ठेवू नका, त्यात शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोकं जोडून ते गप्प करणारा प्लग) लावून पाहा. तरी राहिला तर अ‍ॅम्पच्या आधीच्या टप्प्याचा, गेला तर डॅककडून येणारा. तसं असेल तर डॅक आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये २० डेसिबलचा आरसीए अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा छोटा प्लग), अ‍ॅम्पच्या बाजूला लावा. तो संगीताबरोबर डॅकचा आवाजही तेवढाच खाली आणतो. मग विंडोजचा स्लायडर कमालपासून तीन-चार डेसिबल खाली ठेवला की पुरे, आणि प्रतिसाद २ मधला धोकाही जवळपास टळतो.