लायबेरियाचा झेंडा, भारताचं सीओसी: फ्लॅग एंडोर्समेंट कशाला?

गुहागरकर_मेट:
नमस्कार मंडळी. सेकंड मेटचं सीओसी, म्हणजे अधिकाऱ्याचं सक्षमता प्रमाणपत्र, नुकतंच हातात आलंय. थर्ड ऑफिसर (थर्ड मेट) म्हणून पहिलीच बोट, बल्क कॅरियर (सुटा माल नेणारी), झेंडा, म्हणजे नोंदणी, लायबेरियाची. कंपनी म्हणते एंडोर्समेंटचा अर्ज टाकलाय, तूर्त अर्जाच्या पावतीवर जा. बाबा विचारतात, परीक्षा आपल्या सरकारने घेतली, मग लायबेरियाचा शिक्का कशाला? वर ओळखीचा एक एजंट म्हणतो, अडीच लाख दे, दुसऱ्या एका देशाचं चीफ मेटचं (कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी) सीओसी परीक्षेविना काढून देतो. काय करू?

इंजिनरूमवाला:
परदेशी झेंड्याच्या बोटीवर अधिकाऱ्यांना एंडोर्समेंट लागतंच. मला पनामाचंही काढावं लागलं, मार्शल आयलंड्सचंही. १ जानेवारी २०२५ पासून एसटीसीडब्ल्यूमध्ये (खलाशांच्या प्रशिक्षण-प्रमाणपत्रांचा आंतरराष्ट्रीय करार) इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्राची तरतूद आलीये, ते मिळतंय का विचार. आणि कंपनीचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) नंबर डीजी शिपिंगच्या (केंद्राचं नौवहन महासंचालनालय) साइटवर बघून घे.

निवृत्त_कप्तान:
बाळा, बाबांना सांग, बोटीवर झेंडा ज्या देशाचा, कायदाही त्याचाच. कोणत्या दर्जाचे किती अधिकारी हवेत, हे सेफ मॅनिंगच्या कागदावर तोच देश ठरवतो. तुझं सीओसी तपासून ‘हा आमच्या बोटीवर चालेल’ असं त्याने लिहून दिलं, की ते एंडोर्समेंट. तोवर अर्जाच्या पुराव्यावर तीन महिने काम करता येतं. त्याच्यापुढे एक दिवसही नाही.

हे मी पाहिलंय. रॉटरडॅमला पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे परदेशी बोटी तपासणारा तिथल्या सरकारचा, इन्स्पेक्टर आला. थर्ड मेटच्या पावतीवरच्या तारखेवर बोट ठेवून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजले. तीन महिन्यांच्या चार दिवस वर! एंडोर्समेंट तयार होतं, पण कंपनीच्या क्रूइंगवाल्यांच्या (बोटीवर माणसं पाठवणारे) टेबलावर पडून. झेंड्याकडून लेखी खुलासा येईपर्यंत बोट हलली नाही. पोरगा कामाला चोख होता, चूक त्याची नव्हती, तरी त्या रात्री ताटातला घास त्याच्या घशाखाली उतरला नाही. तेव्हापासून प्रत्येकाच्या कागदाची शेवटची तारीख मी चार्ट टेबलाशी पेन्सिलीने लिहून ठेवायचो.

एजंटचं म्हणशील तर त्याचा फोनही उचलू नकोस. बल्क कॅरियरवर लोडिंग चीफ मेट बघतो. कोणत्या होल्डमध्ये (मालाच्या कप्प्यात) किती टन आणि कोणत्या क्रमाने, हा हिशोब चुकला तर धक्क्यावरच बोटीचा कणा मोडू शकतो. पहाटे चार ते आठ वॉचही (बोट चालवण्याची पाळी) बहुधा त्याचाच. मलाक्काच्या सामुद्रधुनीत समोर मच्छीमारांचे दिवे, उजवीकडून टँकर, आणि खाली वीस माणसं तुझ्या भरवशावर झोपलेली. विकत घेतलेला कागद तिथे तुला काय सांगणार? सी टाइम (समुद्रावरच्या नोकरीचा ठरलेला काळ) भर, अभ्यास कर, परीक्षेला बस. तू होशील चीफ मेट.

गुहागरकर_मेट:
काका, मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. एजंटचा नंबर त्यांनीच डिलीट केला. पावतीची तारीख डायरीत लिहिलीये, तिच्यापुढे तीन महिने मोजून लाल खूण केलीये. एंडोर्समेंट इलेक्ट्रॉनिक येणार की कुरिअरने, कोणत्या पोर्टला, हे उद्या दहा वाजता कंपनीला विचारतो.