भूसुरुंग काढायला अजून माणसं गुडघ्यावर कशाला?

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी :
२०२३ मध्ये युक्रेनच्या खार्किव्ह भागातल्या एका शेतकऱ्याची बातमी जगभर फिरली. मोडक्या रशियन चिलखती गाड्यांचे पत्रे त्याने ट्रॅक्टरला लावले, ट्रॅक्टर रिमोटवर घेतला आणि रानातले सुरुंग स्वतःच काढायला लागला. सरकारी पथकाची वाट बघत बसला असता तर हंगाम गेला असता.

माझं मत असं की हे काम यंत्राचंच आहे. फ्लेल म्हणजे आडवा फिरता दांडा, त्याला साखळ्या, साखळ्यांच्या टोकाला लोखंडी हातोडे. दांडा फिरला की हातोडे जमीन कुटत जातात. सुरुंग एकतर फुटतो नाहीतर त्याचा चुरा होतो. ब्रिटिशांनी १९४२ ला इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईत रणगाड्यांवर हे बसवलं होतं. आज क्रोएशियाचं एमव्ही-४ किंवा स्लोव्हाकियाचं बोझेना ही असली यंत्रं चालवणारा लांब उभा राहून रिमोटवर चालवतो. आणि आपण अजून डिटेक्टर आणि सळई घेऊन बसलेल्या माणसाचं कौतुक करतोय. दाट झाडीत त्याचा दिवसाला अर्धा गुंठा झाला तरी डोक्यावरून पाणी.

मंगळवेढेकर :
मालक, पाऊस होऊन गेल्यावर काळ्या रानात रोटाव्हेटर घातलाय का कधी? चिखल पात्यांना बसतो, निम्मं रान नुसतं वरवर खरवडलं जातं. वाळल्या रानात घातला तर ढेकळं उडतात, धोंडा लागला की रोटाव्हेटर उचलतो. वरून सगळं भुसभुशीत दिसतं. खाली कुठं पातं पोचलं आणि कुठं नाही, ते बांधावरून कळत नाही. हरळी राहिली तर पुढच्या साली काढता येते. सुरुंग राहिला तर पेरणाऱ्याचा पाय जातो.

माजी_सॅपर :
अल अलामीनचा दाखला इथे लागू नाही. लढाईत फौजेला सुरुंगांतून एक वाट हवी असते, तीही लगेच. एखादा राहिला तर तो धोका हिशेबात धरलेला असतो. आमच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीचे, रामा राघोबा राणे एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्याखाली सरपटत सुरुंग काढत गेले, परमवीर चक्र मिळालं. पण तेही वाट मोकळी करणंच. गावकऱ्यांना जमीन परत द्यायची तर ठरलेल्या क्षेत्रात, ठरलेल्या खोलीपर्यंत सगळं निघालं पाहिजे. आंतरराष्ट्रीय निकष तोच आहे.

आणि हातोडा बसला की सुरुंग फुटतोच असं नाही. कधी कवच फुटून स्फोटकाचे तुकडे मातीत पसरतात, कधी डेटोनेटर जिवंत राहतो, कधी अख्खा सुरुंगच बाजूला फेकला जातो. मग मागून येणाऱ्याचा डिटेक्टर प्रत्येक कपच्याला वाजतो. रणगाडाविरोधी टीएम-६२ मध्ये साडेसात किलोच्या आसपास स्फोटक असतं. हलक्या यंत्राखाली तो फुटला तर यंत्र थेट वर्कशॉपात, आणि अंगोल्यातल्या आडगावात सुटे भाग काय कोपऱ्यावर मिळत नाहीत.

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी :
सॅपरसाहेब, तुमचा मान ठेवून सांगतो, हे सगळं बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. युरोपात या यंत्रांच्या चाचणीची ठरलेली पद्धत आहे. वाळू, खडी आणि माती अशा तीन जमिनी घ्यायच्या, ठरलेल्या खोलीवर नकली सुरुंग पुरायचे. शिवाय यंत्राच्या वाटेत आडवी, उभ्या कडेवर, फायबरबोर्डची पट्टी पुरायची. यंत्र गेल्यावर ती उपसून बघायची. हातोड्यांनी जिथवर खाल्ली तेवढी खोली; मध्ये एखादा सुळका उभा राहिला असेल तर तिथे यंत्र चुकलं. बांधावरून कळत नसेल, पट्टीवरून कळतं. मी फॅब्रिकेशनमध्ये आहे, इतकी सोपी आणि खरी चाचणी फार कमी वेळा बघायला मिळते.

मंगळवेढेकर :
चाचणीची माती सपाट केलेली असणार की ओ. आमच्या रानात ताल, ओघळ, बाभळीचे बुंधे. तिथं कुठली पट्टी पुरता?

जुळे_सोलापूर :
पैशाचंही बोला की कुणीतरी. श्रीलंकेच्या उत्तर भागात युद्धात नवरा गेलेल्या कितीतरी बायका हेच काम करून घर चालवतात. महागडं यंत्र आणून दोन ऑपरेटर पोसायचे, की तोच पैसा गावात पगार म्हणून वाटायचा?

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी :
ताई, पगार द्यायचा तर सुरुंग निघाल्यावर शेतीवर द्या. पाय जाईल असं काम रोजगार हमीवर काढत नाहीत.

जुळे_सोलापूर :
दादा, त्या प्रशिक्षण घेतलेल्या, तोंडावर व्हायझर, अंगावर जाड अ‍ॅप्रन, दोघींमधलं अंतर ठरलेलं. जास्त धोका गवत कापायला आणि सरपण आणायला जाणाऱ्या बाईला आहे. तुमचं यंत्र बंदरातून सुटेपर्यंत ती रोज जातेच आहे.

काठीवरचा_कावळा :
उंदीर विसरलात सगळे. कंबोडियात मगावा नावाच्या आफ्रिकन उंदराने वासावर ७१ सुरुंग शोधले, २०२० ला सुवर्णपदक घेतलं. डिझेल नाही, सुटे भाग नाहीत. भंगाराला नाक फसत नाही, हा मुद्दा तरी घ्या.

माजी_सॅपर :
उंदरालाही आधी झाडी कापून द्यावी लागते, आणि यंत्र खरं कामाला येतं ते तिथे. हाताने काम करणाऱ्याचा निम्माअर्धा वेळ झुडपं आणि वेली काढण्यात, सुरुंगाला जोडलेल्या तारा बघण्यात जातो. दुसरं म्हणजे संशयित म्हणून आखलेल्या जमिनीत बऱ्याचदा मोठा भाग रिकामाच निघतो. गावकऱ्यांना विचारून, जुने नकाशे बघून, मग मधून मधून यंत्राच्या पट्ट्या मारायच्या. काही लागलं नाही तर तेवढी जमीन सोडता येते. यंत्राला माझा विरोध नाही, यंत्र गेलं म्हणजे जमीन साफ झाली असं म्हणण्याला आहे.

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी :
म्हणजे झाडी यंत्राने, रिकामी जमीन वेगळी काढायची तीही यंत्राने. माणूस उरला शेवटच्या दहा गुंठ्यांना. मग भांडण कशाचं?

माजी_सॅपर :
सुरुंग त्याच दहा गुंठ्यांत असतात, याचं.

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी :
मग तिथेच आधी फ्लेल फिरवा. जे फुटायचं ते लोखंडाखाली फुटू दे. मागून कपच्या वेचत डिटेक्टर चार दिवस जास्त वाजला तरी चालेल.