लेदर कटिंगसाठी सीएनसी मशीन: लेसर की नाईफ? मदत हवी आहे (घाईचं आहे)

गाळा_वसई
नमस्कार मंडळी. लेदर कापायला कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घ्यायचं आहे. दोन कोटेशन हातात आहेत. एक लेसरचं, १३० वॉट, ४.५ लाख. दुसरं ऑसिलेटिंग नाईफचं, व्हॅक्यूम टेबलसकट, १९ लाख अधिक जीएसटी. लेसरवाला म्हणतोय सोमवारपर्यंत ॲडव्हान्स दिला तरच हा भाव. माझे कटिंग मास्तर दिवाळीला गावी जातील ते परत येणार नाहीत, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. नवा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर चामडं वाया घालवतो. कुणी वापरलंय का? कुठलं घेऊ? प्लीज लवकर सांगा.

रापी
दादा, बनवता काय? चामडं किती जाडीचं? महिन्याला माल किती? गाळ्यात थ्री फेज आहे का? यातलं काहीच लिहिलेलं नाही. कोटेशन दोन आहेत म्हणजे पर्यायही दोनच, असं नसतं.

ठिणगी
लेसर घ्या, डोळे झाकून. माझ्याकडे ५ वर्षं १०० वॉटचं सीओटू लेसर आहे, पाकिटं आणि कीचेन करतो. डायचा (भागाच्या आकाराच्या धारदार साच्याचा) खर्च नाही, पाती बदलायला नकोत. अर्ध्या मिलिमीटरची भोकंसुद्धा पडतात आणि त्याच मशीनवर नाव, लोगो कोरून मिळतो. कॉर्पोरेटवाल्यांना तेच हवं असतं. १९ लाखांत चार लेसर येतील.

गाळा_वसई
@रापी जाडी नॉर्मलच आहे, बॅगेला असते तशी. थ्री फेज घेता येईल.
@ठिणगी धन्यवाद. कड काळी पडते का? तेवढंच विचारायचं होतं.

ठिणगी
थोडी पडते. ओल्या फडक्याने पुसायची, वरून एज पेंट, म्हणजे कडेचा रंग. फिक्या रंगाला आधी मास्किंग टेप लावून कापायचं, म्हणजे धुराचा डाग पडत नाही. वास आठवडाभरात जातो.

चाकण_सीट
आठवडाभरात जात नाही. डब्यात बंद करून पाठवलेला माल महिन्याने उघडला तरी जळक्या केसांचा वास येतो. आमच्याकडे गाड्यांच्या सीटचं काम आहे, तिथे नाईफच चालतं. टेबलावर फेल्टचा पट्टा, खालून व्हॅक्यूम ओढतो. पातं सेकंदाला शेकडो वेळा खालीवर होत कापत जातं. कड कोरी राहते, चामड्याचा रंग आत जसा असेल तसा दिसतो. कॅमेरा कातड्याची बाह्यरेषा घेतो आणि सॉफ्टवेअर त्यात भाग बसवतं. झुंड (Zünd), लेक्ट्रा, इटलीतल्या विजेव्हानोची ॲटम आणि कोमेल्झ ही या कामातली जुनी नावं. तुमच्या १९ लाखांत ती येणार नाहीत, तुमचं कोटेशन चिनी मशीनचं असणार. तेही वाईट नसतं. पण बिघडल्यावर माणूस किती तासांत येतो, ते लेखी घ्या.

पंचगंगा
भावा, आमच्या कोल्हापुरात चपलेचा तळ ५-६ मिलिमीटरचा असतोय, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेला. त्याला लेसर लावला तर कोळसा होतोय, आणि साधं नाईफ अडकतंय. माझं ऐका, २० टनी क्लिकर प्रेस घ्या आणि डाया करून घ्या. धाडकन एक दाब, भाग तयार. ना कॉम्प्युटर, ना माऊस. बारावी नापास पोरगं दोन दिवसांत शिकतंय.

चाकण_सीट
@पंचगंगा साधं नाईफ अडकतं म्हणजे इलेक्ट्रिक हेड असेल, त्याचा स्ट्रोक, म्हणजे पातं खालीवर होण्याचं अंतर, १ मिलिमीटरच्या आसपास असतो. जाड मालाला हवेवर चालणारं हेड लागतं, त्याचा स्ट्रोक ८ मिलिमीटरपर्यंत जातो. आणि धागाकर्ते चप्पल करत नाहीत.

पंचगंगा
ते काय करत्यात ते त्यांनी अजून सांगितलंच नाही की.

योजना_मित्र
सर, पीएमईजीपीमध्ये (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) अर्ज करा. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पमर्यादा ५० लाख आहे. सबसिडी १५ ते ३५ टक्के, ग्रामीण भागात जास्त. खादी ग्रामोद्योग किंवा जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. पीएम विश्वकर्मामध्ये १८ व्यवसाय आहेत, त्यात चर्मकारही आहेत, ५ टक्के व्याजाने एकूण ३ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. संत रोहिदास महामंडळाच्याही योजना आहेत.

रापी
@योजना_मित्र पीएमईजीपी नव्या युनिटला आहे. चालू धंद्याला दुसरं कर्ज मिळतं, पण पहिलं त्याच योजनेतलं किंवा मुद्राचं असेल तरच. त्यांनी कर्जाचं विचारलेलं नाही, आधी मशीन ठरू दे.

गाळा_वसई
माफ करा, काल ऑर्डर निघत होती. सगळं एकदम लिहितो.

कार्ड होल्डर महिन्याला साधारण ३,०००, पासपोर्ट कव्हर १,५००, लॅपटॉप स्लीव्ह ५००. कार्ड होल्डरचे ५ भाग, पासपोर्टचे ४, स्लीव्हचे ६. चामडं गाईचं, क्रोमने कमावलेलं, १.२ ते १.४ मिलिमीटर. स्लीव्हला म्हशीचं हंटर नावाचं चामडं, १.८. महिन्याला सगळं मिळून ५,००० चौरस फूट लागतं. पंधरा वर्षं धारावीत होतो, तीन वर्षांपूर्वी वसईला आलो. गाळा दुसऱ्या मजल्यावर, मालाची लिफ्ट आहे. आतल्या बाजूला आणि स्वस्त ऑर्डरींना रेक्झिन वापरतो, तेही त्याच मशीनवर कापायचं आहे. आता सांगा.

क्षार
थांबा. रेक्झिन कुठलं? पीव्हीसीचं की पीयूचं? पीव्हीसी असेल तर ते लेसरखाली अजिबात घालू नका. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. लेसरने तापलं की हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो आणि दमट हवेत त्याचं आम्ल होतं. फुफ्फुसाला तर लागतंच, मशीनच्या रेल्स आणि लेन्सची चौकटही खातं. वसईत पावसाळ्याचे चार महिने हवा कशी असते ते तुम्हाला माहीत आहे.

दुकानदार नेहमी "पीयू आहे" असंच सांगतो. घरी बघता येतं. तांब्याच्या जाड तारेचं टोक चिमट्यात धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, ज्योतीचा रंग साधा झाला पाहिजे. मग ते गरम टोक रेक्झिनला टेकवा, थोडं वितळून चिकटेल. पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. बाहेर मोकळ्यावर करा, तुकडा नखाएवढाच घ्या, धूर हुंगू नका. पीयू निघालं तरी त्याचा धूरही विषारीच, धूर ओढून न घेता खोलीत कापायचं काम नाही.

ठिणगी
एवढं घाबरवू नका हो. एक्झॉस्ट पंखा लावला की झालं. मी पाच वर्षं रेक्झिन कापतोय, मला काही झालेलं नाही.

क्षार
पंखा वायू शेजारच्या गाळ्यात नेऊन सोडतो, तिथेही माणसं काम करतात. तुमच्याशी वाद घालायचा नाही, फक्त तुमच्या मशीनचे रेल्स एकदा बोट फिरवून बघा.

निर्यात_डेस्क
आणखी एक मुद्दा, कुणी लिहिला नाही. माल युरोपला जातो का? तिथे १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूत क्रोम-६ची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे. क्रोमने कमावलेल्या चामड्यात क्रोम-३ असतं, ते उष्णतेने क्रोम-६ व्हायची शक्यता असते. लेसरने कापणार असाल तर कापलेल्या तुकड्याचीच तपासणी करून घ्या, अख्ख्या कातड्याची नव्हे. चेन्नईची सीएलआरआय (केंद्रीय चर्म संशोधन संस्था) याच कामातली संस्था आहे.

गाळा_वसई
युरोपला नाही, सगळं मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांना. मग नाईफच घेऊ ना? सोमवार जवळ येतोय.

चाकण_सीट
सोमवार लेसरवाल्याचा आहे, तुमचा नाही. जरा हिशेब करू. तुमचे भाग महिन्याला १५,००० + ६,००० + ३,००० = २४,०००. छोटा भाग, उचल-टेक धरून ६ सेकंद. म्हणजे ४० तास. ५,००० फूट म्हणजे २० फुटांची २५० कातडी. एक कातडं पसरणं, डाग खुणावणं, भाग बसवणं, उचलणं याला ८ मिनिटं, म्हणजे ३३ तास. एकूण ७३-७५ तास. महिन्यात ८ तासांचे २६ दिवस, २०८ तास होतात. मशीन दोन तृतीयांश वेळ बसून राहील आणि हप्ता पूर्ण महिन्याचा जाईल. बाहेरचं जॉबवर्क घेणार असाल तरच हे परवडतं.

शिवाय व्हॅक्यूम पंपच ७.५ ते ९ किलोवॉटचा असतो. मशीन आणि कॉम्प्रेसर धरून मंजूर लोड १५ किलोवॉटच्या आसपास लागेल. महावितरणचा अर्ज आधी करा. पंपाचा आवाज इतका असतो की शेजारी उभं राहून बोलता येत नाही, तो वेगळ्या खोलीत ठेवतात. मशीनचं वजन टनाच्या घरात. तुमच्या मालाच्या लिफ्टवर किती लिहिलंय?

गाळा_वसई
५०० किलो.

पंचगंगा
म्हणून म्हणतोय, क्लिकर.

चाकण_सीट
क्लिकरही हलका नसतो, आणि त्याचा दर दाबाला हादरा बसतो. दुसऱ्या मजल्यावर कॉलमला लागून ठेवावा लागेल, इंजिनिअरला विचारून.

चिंचेचं_झाड
कोल्हापुरीचा विषय निघालाय म्हणून लिहिते. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, चार-चार जिल्ह्यांना. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानला तशाच चपला दाखवल्यावर सगळे जागे झाले. पण हे चामडं कमावणारी घरं किती राहिलीत ते कुणी बघत नाही. माझे आजोबा हे काम करायचे. मशीनवर कापलेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणायचं का, हा खरा प्रश्न आहे.

पंचगंगा
ताई, तळ डायने कापला म्हणून चप्पल कोल्हापुरी राहत नाही असं कसं? वेणी हातानं, शिवण चामड्याच्या वादीनं. कापायला आधीपासून फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, ठेवूनच कापत्यात.

चिंचेचं_झाड
फर्मा ठेवून रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, कापणं वेगळं. कुठल्या बाजूला ताण आहे ते हाताला कळतं.

गाळा_वसई
कृपया मूळ प्रश्नावर या. मला सोमवारी उत्तर द्यायचं आहे.

रापी
ताईंनी मूळ प्रश्नावरच बोट ठेवलंय, दादा. तुमचे मास्तर कसे कापतात ते उद्या जवळ उभं राहून बघा. कातडं पसरलं की आधी तळवा फिरवतील. मग खिडकीकडे तिरकं धरतील, म्हणजे गोचिडाचे डाग आणि सुरीचे चरे दिसतात. पोटाकडचा भाग ओढून बघतील, तो सैल असतो. तिथून आतले कप्पे काढतील, दर्शनी भाग पाठीतून. हे कुठलंही मशीन करत नाही. कॅमेऱ्याला कातड्याची कड दिसते, सैलपणा दिसत नाही. १९ लाखांचं मशीन आणलं तरी त्याच्यापुढे चांदीच्या पेनने डाग खुणावणारा माणूस लागतोच. तुम्ही मशीन शोधताय, आणि जातोय तो हा माणूस.

मी २२ वर्षं या धंद्यात आहे. आमच्याकडे जुने मास्तर गेले तेव्हा त्यांच्या हाताखाली मुलगा ठेवलाच नव्हता. पुढचे सहा महिने सेकंडचा, म्हणजे खोट असलेला, माल ढिगाने निघत होता. दिवाळीला अवकाश आहे. एक मुलगा-मुलगी आजच त्यांच्या शेजारी बसवा आणि शिकवण्याचे मास्तरांना वेगळे पैसे द्या.

मशीनचं विचाराल तर डिझाईन बदलतं किती, यावर ठरतं. कार्ड होल्डर किती वर्षं तेच आहे?

गाळा_वसई
कार्ड होल्डर आणि पासपोर्ट कव्हर तीन वर्षं तेच. स्लीव्ह दर कंपनीची वेगळी, लॅपटॉपच्या मापाप्रमाणे.

रापी
मग २४,००० पैकी २१,००० भाग न बदलणारे आहेत. त्यांना डाया करा, क्लिकर घ्या, जुना चांगला मिळतो. डाय उचलून हवी तिथे ठेवता येते, डाग चुकवता येतो, सैल भाग आत घालता येतो. रेक्झिन त्याच डायने चार थर एकदम कापा, ना धूर ना वास. स्लीव्हचे ३,००० भाग नाईफ असलेल्याकडे जॉबवर्कला द्या. सहा महिन्यांनी बिलं बघून स्वतःचं घ्यायचं की नाही ते ठरवा.

चाकण_सीट
हे पटलं. जॉबवर्कला देताना तुमचंच कातडं, तुमचीच फाईल घेऊन जा आणि समोर उभं राहून कापून घ्या.

गाळा_वसई
उशिरा लिहितोय. सोमवारी लेसरवाल्याला नाही कळवलं. मंगळवारी त्याचाच फोन आला, भाव तोच होता.

तार तापवून बघितली. दोन रेक्झिनपैकी एकाची ज्योत स्वच्छ हिरवी झाली. तेच रेक्झिन मी सगळ्यात जास्त वापरतो, आणि बिलावर "पीयू" लिहिलेलं आहे.

भिवंडीला एकाकडे नाईफवर स्लीव्ह कापून घेतली. हंटरची कड बघून मन भरलं, रंग आतपर्यंत तसाच. दोन अडचणी आल्या. आमच्या कटिंगच्या ड्रॉइंगच्या (डीएक्सएफ) फाईलमध्ये रेषा जोडलेल्या नव्हत्या, मशीन मध्येच थांबायचं. आणि आतल्या काटकोनात पातं १ मिलिमीटर पुढे जाऊन चीर पडते, तिथे शिवण उसवली असती. तिथल्या मुलाने कोपरा २ मिलिमीटरने गोल करायला सांगितला, मग पडली नाही. चेन अडकवायची ३ मिलिमीटरची भोकं पात्याने जमली नाहीत, ती पंचाने पाडावी लागतील.

मास्तरांशी बोललो. त्यांना वाटत होतं मशीन आणून मी त्यांनाच काढतोय, म्हणून परत येणार नाही म्हणाले होते. दिवाळीनंतर महिनाभर येतो म्हणालेत. माझ्या बहिणीची मुलगी कालपासून त्यांच्या शेजारी बसते.

ठिणगी
रेल्स बघितले. मागच्या बाजूला, एक्झॉस्टच्या तोंडाशी गंज आहे, मी तो पावसाचा समजत होतो. रेक्झिन कापणं बंद केलंय. चामड्यावर लोगो कोरायला मात्र लेसरसारखं काही नाही, हे माझं मत कायम आहे.

योजना_मित्र
सर, क्लिकरसाठी कर्ज लागलं तर मुद्रा बघा.

गाळा_वसई
बघतो. तळमजल्यावर भावाचा गाळा आहे, क्लिकर तिथे बसवायचा विचार आहे. @रापी, डायची उंची १९ मिलिमीटर घेऊ की ३२? जुना क्लिकर बघितलाय, त्याच्यासोबत ३२ च्या दोन डाया येतायत.

रापी
मग सगळ्या ३२ च्याच करा. दोन उंचीच्या डाया एका प्रेसवर ठेवल्या की दर वेळी सेटिंग बदलावं लागतं आणि एखाद्या दिवशी कुणीतरी विसरतं. घेण्याआधी दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय दाब खाली येत नाही ना, ते स्वतः तपासा. जुन्या मशीनवर एक बटण तार जोडून कायमचं दाबून ठेवलेलं असतं. तसं असेल तर नीट करून घेतल्याशिवाय भाचीला त्याच्यापुढे बसवू नका.