चाल, वेग आणि त्वरण : व्यवहारातला अर्थ आणि शास्त्रातला अर्थ

मूळ पृच्छा

माझी मुलगी नववीत आहे. मोटारीने १५० किलोमीटर अंतर ३ तासांत कापल्याचे एक उदाहरण तिला चाचणीत आले होते. तिने 'मोटारीचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर' असे उत्तर लिहिले आणि आकडा बरोबर असूनही अर्धा गुण गमावला, कारण उत्तरात 'सरासरी चाल' हे शब्द अपेक्षित होते. मी आजवर रस्त्याकडेच्या पाट्यांवर 'वेगमर्यादा' असेच वाचत आलो आहे. 'चाल' म्हटले की मला गाण्याची चाल, पटावरची चाल, फार तर शत्रूने केलेली चाल आठवते. या अर्थाने हा शब्द मराठीत खरोखर रुळलेला आहे, की तो केवळ पाठ्यपुस्तकापुरता घडवलेला आहे? शिवाय 'त्वरण' म्हणजे वेग वाढणे, एवढेच समजून चालेल का?

प्रतिसाद १

मी काही वर्षे हाच विषय शिकवला असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

'चाल' या शब्दाला गतीची छटा मराठीत पूर्वीपासून आहे. 'मंद चालीने', 'झपझप चालीने', 'घोड्याची दुडकी चाल' हे प्रयोग कोणालाही परके वाटणार नाहीत. मात्र या सगळ्यांत चालण्याची ढब आणि चालण्याचा वेग हे दोन्ही अर्थ एकत्र मिसळलेले आहेत, आणि 'मोटारीची चाल ताशी ५० किलोमीटर' असे घरात कोणी म्हणत नाही. हिंदी पाठ्यपुस्तकांतही याच अर्थी हाच शब्द वापरतात. तेव्हा शब्द मराठी आहे, पण त्याचा हा काटेकोर अर्थ वर्गातलाच आहे, असे म्हणणे मला रास्त वाटते.

हा काटेकोरपणा हवा कशाला, हे एका गाडीवरून पाहू. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन मुंबई आणि पुणे यांमधील १९२ किलोमीटरचा लोहमार्ग साधारण सव्वातीन तासांत कापते. अंतर भागिले वेळ केले की सरासरी चाल ताशी सुमारे ६० किलोमीटर येते. पण नकाशावर दोन्ही स्थानकांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती जेमतेम १२० किलोमीटर भरते, कारण मार्ग आधी ईशान्येला कल्याणकडे जातो आणि मग वळून कर्जतमार्गे घाट चढतो. या सरळ रेघेला, तिच्या दिशेसह, 'विस्थापन' म्हणतात आणि विस्थापन भागिले वेळ म्हणजे सरासरी वेग. तो ताशी सुमारे ३७ किलोमीटर, आग्नेयेच्या दिशेने, इतकाच निघतो. तीच गाडी, तेवढाच वेळ, आणि तरी दोन निराळे आकडे. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी त्याच गाडीने घरी परतणाऱ्या पासधारकाचे दिवसभराचे विस्थापन शून्य असते, म्हणून त्याचा सरासरी वेगही शून्य ठरतो. हे त्याला सांगितल्यास तो काय म्हणेल याची मला कल्पना आहे, परंतु व्याख्येप्रमाणे ते खरे आहे.

मुलीच्या उदाहरणात मोटार कोणत्या दिशेने गेली, रस्ता सरळ होता की वळणाचा, यांतले काहीच दिलेले नव्हते. म्हणून तेथे फक्त चालच काढता येते. विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत बाईंचा आग्रह चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र त्याच बाईंनी निबंधाच्या वहीत 'गाडी वेगाने निघून गेली' हे वाक्य खोडले असते, तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. पाटीवरच्या 'वेगमर्यादे'ला हात लावण्याचीही काही गरज नाही. गाडीतला काटासुद्धा चालच दाखवतो, दिशा दाखवत नाही, पण त्याला 'वेगमापी' म्हटल्याने कोणाचे काही अडलेले नाही.

रोजच्या व्यवहारात खराखुरा वेग, म्हणजे आकडा आणि दिशा दोन्ही, हवामानाच्या बातमीत भेटतो. पण तेथेही भाषेची एक गंमत आहे. आपण ज्यांना नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणतो ते नैर्ऋत्येकडून येतात. वाऱ्याला नाव द्यायचे ते तो कोठून आला त्यावरून, अशी रीत आहे. भौतिकशास्त्राच्या वहीत त्याच वाऱ्याच्या वेगाचा बाण काढायचा झाला तर तो ईशान्येकडे तोंड करून काढावा लागतो.

प्रतिसाद २

'त्वरण' या शब्दाबद्दल दोन वाक्ये लिहितो, कारण आमच्या घरी गॅरेज आहे आणि तेथे हा शब्द मी कधीच ऐकलेला नाही. तेथे 'पिकअप' म्हणतात. 'या गाडीची टॉप स्पीड बरी आहे, पण पिकअप नाही' हे वाक्य आमच्याकडचा चौथी शिकलेला मेकॅनिकही बोलतो, आणि त्याला वेग व वेग वाढण्याचा दर या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे नेमके ठाऊक असते. मग 'त्वरण'सारखा जड शब्द मुलांच्या माथी का मारावा?

प्रतिसाद १ कडून उत्तर

आपला मेकॅनिक अगदी बरोबर बोलतो आणि त्याचे वाक्य मी वर्गात जरूर वापरले असते. तरीही 'पिकअप'ने काम पुरे होत नाही, कारण पिकअप फक्त वाढीचा असतो. ब्रेक लावल्यावर गाडीला 'उलटा पिकअप' आला असे कोणी म्हणणार नाही. शास्त्राला मात्र दोन्हींसाठी एकच शब्द हवा असतो, कारण वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण, मग तो बदल कोणताही असो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. एवढ्या वेगाने सरळ जाणारी गाडी ५ सेकंदांत थांबली, तर तिचा वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत गेला. हेही त्वरणच आहे, फक्त ऋण. त्याला अवत्वरण किंवा मंदन असेही म्हणतात.

माझ्या मते खरी अडचण शब्दाच्या जडपणाची नसून त्याच्या कुळाची आहे. त्वरा, त्वरित, सत्वर आणि त्वरण ही एकाच धातूची भावंडे आहेत, आणि त्यांत घाईचा अर्थ इतका मुरलेला आहे की 'त्वरण जास्त' असे ऐकले की मुलांना वस्तू जोरात धावत असल्याचा भास होतो. मराठीतील जुन्या शास्त्रीय लेखनात 'प्रवेग' हा शब्दही भेटतो. तो मला कानाला अधिक आवडतो, पण 'प्र' या उपसर्गामुळे तोही 'मोठा वेग' असाच वाटतो, म्हणजे फसगत तेथेही टळत नाही.

ही फसगत दूर करण्यासाठी मी नाणेफेकीचे उदाहरण देत असे. वर उडवलेले नाणे सर्वांत उंच बिंदूवर पोचते त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. त्या क्षणी त्याचे त्वरण किती, असे विचारले की निम्मा वर्ग 'शून्य' असे उत्तर देतो. वास्तविक ते हातातून सुटल्यापासून पुन्हा हातात पडेपर्यंत, आणि त्या वरच्या क्षणीही, सारखेच म्हणजे दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद, खालच्या दिशेने असते. तसे नसते तर नाणे वरच लटकून राहिले असते. त्वरा मुळीच नाही आणि त्वरण मात्र पुरते आहे, अशी ही स्थिती आहे.

दुसरे उदाहरण घाटातल्या एसटीचे आहे. चालकाने काटा ताशी ३६ किलोमीटरवर, म्हणजे सेकंदाला १० मीटरवर, अगदी स्थिर ठेवला आणि ५० मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर चाल तीळभरही बदललेली नसते, पण दिशा सतत बदलत असल्यामुळे वेग बदलत असतो. चालीचा वर्ग भागिले त्रिज्या या हिशोबाने त्वरण दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद येते. गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ एक पंचमांश असलेले हे त्वरण वळणाच्या केंद्राकडे रोखलेले असते. शेजारचा प्रवासी आपल्या अंगावर रेलतो तो याचमुळे, कारण त्याचे शरीर सरळ जाऊ पाहते आणि बस त्याच्याखालून वळते. स्थिर वेग शरीराला कळत नाही. कळतो तो वेगातला बदल. म्हणून सरळ रुळावर एकसारखी धावणारी लोकल डुलकी आणते, आणि तीच लोकल स्थानकात थांबताना उभ्या माणसाला कडी पकडायला लावते.

या दृष्टीने पाहिले तर गाडीत ज्या पायपट्टीला आपण ॲक्सिलरेटर म्हणतो, तेवढीच काही त्वरण देत नाही. ब्रेकही देतो आणि स्टिअरिंगही देते. नाव मात्र एकटीच्याच वाट्याला आले आहे.

मूळ पृच्छकाकडून

आपल्या उत्तराने पुष्कळ उलगडा झाला. मुलीला नाण्याचे उदाहरण विचारले, तीही फसली, आणि खरे सांगायचे तर मीही फसलो. आता तिची एक शंका आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यासाठी सेकंदाला ११.२ किलोमीटर इतका 'मुक्तिवेग' लागतो असे तिने वाचले आहे. त्यात दिशा सांगितलेली नाही, मग तो वेग कसा?

प्रतिसाद १ कडून उत्तर

शंका बिनचूक आहे. हवेचा रोध विचारात घेतला नाही, तर वस्तू सरळ वर फेकली किंवा तिरपी फेकली तरी लागणारा आकडा तोच राहतो. वाट पृथ्वीच्या पोटातून जात नसली म्हणजे झाले. याचे कारण असे की येथे हिशोब ऊर्जेचा आहे आणि ऊर्जेला दिशा नसते. म्हणून काटेकोरपणे पाहिल्यास मुक्तिवेग ही चालच आहे, आणि 'प्रकाशाचा वेग' या रूढ शब्दप्रयोगाचीही तीच गोष्ट आहे. तरी 'मुक्तिचाल' असा शब्द घडवण्याची शिफारस मी करणार नाही. तो ऐकल्यावर तुरुंगातून पळून जाण्याचा बेत चालला आहे असे वाटेल. मुलीने उत्तरपत्रिकेत 'मुक्तिवेग' असेच लिहावे.